महमूद गावान : कॉन्स्टँटिनोपल पडलं त्या साली दख्खनला आलेला वजीर

सन १४५३. तिकडे उस्मानी सुलतान मुहम्मद फातेहनं कॉन्स्टँटिनोपल जिंकलं आणि अकराशे वर्षं चाललेलं बायझंटाईन राज्य संपलं. कुरआनात ज्याचा उल्लेख रूम म्हणून येतो तेच हे राज्य. तोफा शेवटी आल्या; घर आधीच पोखरलं होतं. गादीच्या भांडणात एका शहजाद्यानं पश्चिमेचे क्रूसेडर मदतीला बोलावले आणि १२०४ मध्ये त्यांनीच ते शहर लुटलं. त्यानंतर ते राज्य पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलंच नाही.

त्याच सुमारास इराणच्या गीलानचा एक व्यापारी दाभोळ बंदरात उतरला आणि बीदरला आला. नाव ख्वाजा महमूद गावान. तेव्हा आपला बीड-माजलगावचा मुलूख बहमनी राज्यात होता आणि राजधानी होती बीदर. पुढे हाच व्यापारी राज्याचा वजीर झाला. त्यानं मुहम्मद फातेहला लिहिलेली पत्रं आजही त्याच्या पत्रसंग्रहात आहेत.

१४६१ मध्ये सुलतान हुमायून वारला, गादीवर लहान मूल आलं. राजमाता मखदूमा-ए-जहाँच्या सोबतीनं गावाननं कारभार सांभाळला. पुढे खेळणा (आजचा विशाळगड) घेतला, १४७२ मध्ये गोवा घेतला. बीदरचा तीन मजली मदरसाही त्याच साली पूर्ण झाला. तिथे हजारो किताबा होत्या. वजीर स्वतः मात्र मातीच्या भांड्यात जेवायचा, चटईवर झोपायचा असं सांगतात.

खरं दुखणं दरबारात होतं. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले दख्खनी आणि इराण-तुर्कस्तानातून आलेले आफाकी, एकमेकांना पाण्यात पाहायचे. गावान स्वतः आफाकी, पण पदं त्यानं दोन्हीकडे वाटली. जमीन मोजायला लावली. चार सुभ्यांचे आठ केले आणि सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवला. राज्यासाठी हे बरोबरच होतं, पण ज्यांचे किल्ले गेले ते अमीर कसे गप्प बसणार?

मलिक हसन बहरीच्या गटानं गावानच्या शिक्का सांभाळणाऱ्याला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला. त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचं आमंत्रण लिहिलं. सुलतान मुहम्मद तिसरा तेव्हा आंध्रात कोंडापल्लीला होता, तोही नशेत. गावाननं शिक्का आपला असल्याचं मान्य केलं, मजकूर नाकारला. चौकशी झालीच नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरीच्या म्हाताऱ्या वजिराची मान उडवली गेली. घर तपासलं तर खजिना निघालाच नाही. सुलतान पस्तावला आणि वर्षाच्या आत वारला.

मग राज्य फुटायला वेळ लागला नाही. मलिक हसनचाही १४८६ मध्ये बीदरलाच खून झाला. त्याच्या मुलानं, मलिक अहमदनं, १४९० मध्ये निजामशाही उभी केली आणि नंतर अहमदनगर वसवलं. गावानच्या मर्जीतला युसूफ आदिलखान विजापूरला स्वतंत्र झाला. वऱ्हाड, गोवळकोंडा वेगळे झाले, बीदर बरीदांकडे गेलं.

माजलगावहून परळी-उदगीर करत बीदरला गेलात तर मदरसा जरूर बघा. औरंगजेबाच्या काळात तिथे ठेवलेल्या बारुदाचा १६९६ मध्ये स्फोट झाला आणि अर्धी इमारत ढासळली. एक मिनार अजून उभा आहे, निळ्या फरशांचे तुकडे अंगावर घेऊन.