पटकीची लस आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन कोण होते?

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली की अख्खा दिवस बांधीत जातो. तहान लागली तर जवळच्या विहिरीचं, कधी बोडीचंही पाणी प्यायलं जातं. पावसाळ्याच्या याच दिवसांत हगवणीचे रुग्ण वाढतात. हगवणीचा सर्वांत जीवघेणा प्रकार म्हणजे पटकी, अर्थात कॉलरा. सव्वाशे वर्षांपूर्वी पटकीवरची लस घेऊन एक परदेशी शास्त्रज्ञ भारतात आले होते. मुंबईतल्या संस्थेमुळे त्यांचं नाव आपल्या ओळखीचं आहे: वाल्डेमार हाफकिन.

ओडेसा ते कोलकाता

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरातल्या ज्यू कुटुंबात झाला. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथपाल म्हणून लागले आणि काम सांभाळून पटकीच्या जंतूंवर प्रयोग करू लागले. जुलै १८९२ मध्ये त्यांनी तयार केलेली लस सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, पण ते बरे झाले.

१८९३ मध्ये ते कोलकात्याला आले. लोकांच्या मनात सुईची भीती होती, डॉक्टरांनाही शंका होती. तरीही सुमारे अडीच वर्षांत ४० हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली.

मुंबईतली प्लेगची साथ

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि सरकारने त्यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी काही महिन्यांतच प्लेगची लस बनवली. जानेवारी १८९७ मध्ये तीही आधी स्वतःवर वापरली.

एक अस्वच्छ चिमटा

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. खापर हाफकिन यांच्यावर फुटलं आणि त्यांना पद सोडावं लागलं. प्रत्यक्षात सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्यांचं निधन झालं.

मग आज आपण काय करायचं?

हाफकिन यांची लस पटकी होऊ नये म्हणून होती. एकदा हगवण लागली की जीव जातो तो मुख्यतः शरीरातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे ओआरएस. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तो मोठ्या प्रमाणावर वापरून हजारो जीव वाचवले.

- कारणं: दूषित पाणी, उघड्यावरचं अन्न, न धुतलेले हात. जंतू वेगवेगळे असतात; लहान मुलांमध्ये बऱ्याचदा रोटाव्हायरस असतो.
- लक्षणं: दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच. तोंड कोरडं पडणं, लघवी कमी होणं आणि डोळे खोल जाणं ही पाणी कमी झाल्याची खूण.
- उपचार: ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा, थोडं थोडं पाजा आणि २४ तासांत संपवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बाळाचं अंगावरचं दूध बंद करू नका. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या झिंकच्या गोळ्या मुलांना १४ दिवस द्या.
- दवाखाना कधी? शौचातून रक्त, सतत उलट्या, गुंगी किंवा पाणीही पिता न येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच.

जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक डॉक्टरांना न विचारता देऊ नका. आणि रोवणीला जाताना घरून उकळलेल्या पाण्याची कॅन सोबत न्या. मुलकोवालमध्ये एका चिमट्याची स्वच्छता राहून गेली आणि १९ जीव गेले.