नगरला शिकलेल्या सावित्रीबाईंनी विधवांसाठी स्वतःच्या घराचं दार उघडलं

सावित्रीबाई फुले म्हटलं की भिडेवाडा, मुलींची शाळा आणि अंगावर झेललेलं शेण एवढं आपल्याला पाठ असतं. पण घरातच बाईवर जी हिंसा व्हायची, तिच्याविरुद्ध त्यांनी केलेलं काम बऱ्याचदा दोन ओळींत उरकलं जातं.

३ जानेवारी १८३१ चा जन्म, गाव सातारा जिल्ह्यातलं नायगाव. १८४० मध्ये, नवव्या वर्षी, जोतीरावांशी लग्न झालं. अक्षरओळख सासरी झाली. पुढे शिक्षिका होण्यासाठी त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिस फरार यांच्या संस्थेत प्रशिक्षण घेतलं. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी. १८३९ पासून नगरला मुलींना शिकवत होत्या, १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांची शाळा बघूनच जोतीरावांना पुण्यात मुलींची शाळा काढायचं सुचलं होतं. ती १८४८ मध्ये सुरू झाली.

शाळा सुरू झाल्या, पण शाळेबाहेरचं जग तेच होतं. तेव्हा मुलींची लग्नं लहानपणी व्हायची, नवरा अनेकदा वयाने कितीतरी मोठा. तो गेला की ब्राह्मण घरातल्या मुलीचं केशवपन व्हायचं आणि उरलेलं आयुष्य स्वयंपाकघरात जायचं. घरातल्याच किंवा ओळखीच्या पुरुषापासून दिवस गेले, तर दोष तिचाच. १८५६ ला विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला, पण उंबऱ्याच्या आत त्याला कोण विचारतो?

त्यातच काशीबाईचं प्रकरण घडलं. ही तरुण ब्राह्मण विधवा फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले, आणि त्याने हात वर केले. बाळ झाल्यावर लाजेपोटी तिने त्याला मारून विहिरीत टाकलं. खटला चालला, शिक्षा झाली काळ्या पाण्याची. तीही एकटीलाच.

यानंतर, १८६३ च्या सुमारास, फुले दांपत्याने पुण्यातल्या आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर छापील जाहिराती लावल्या. विधवांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवायचं की न्यायचं ते स्वतः ठरवावं. जाहिरातीतला मजकूर आपण वाचतो, पण आलेल्या बाईचं बाळंतपण आणि तान्ह्या बाळाचं दूधपाणी सावित्रीबाईच बघायच्या. वर सगळ्या शहराचा राग.

१८८४ पर्यंत इथे ३५ गरोदर विधवा येऊन बाळंत झाल्या. मुलं जगली फक्त ५. बाकीची ३० गेली, कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधं घेतली होती, असं जोतीरावांनीच नोंदवलंय. म्हणजे या बायका दारात पोचेपर्यंत बरंच काही घडून गेलेलं असायचं.

इथेच जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत. (तो याच काशीबाईचा मुलगा असं व्हॉट्सॲपवर फिरतं. पण ती अंदमानला गेली १८६३ च्या आसपास, आणि यशवंत जन्मला त्यानंतर दहाएक वर्षांनी.) यशवंतला शिकवून डॉक्टर केलं.

१८६८ ची गोष्ट. सावित्रीबाई माहेरी नायगावला होत्या. एक ब्राह्मण तरुण आणि त्याच्यापासून गरोदर राहिलेली महार मुलगी, दोघांना गावकरी मारत मारत नेत होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली, दोघांचा जीव वाचवला आणि त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवलं. हे सगळं त्यांनी नवऱ्याला पत्रातून कळवलं.

१८९० मध्ये जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी स्वतः धरलं. विधवेने तोंड लपवून बसायचे ते दिवस होते, हे लक्षात घ्या.

१८९७ ला पुण्यात प्लेग आला. यशवंतने हडपसरजवळ दवाखाना उघडला. मुंढव्यातल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे पोचल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.