तरवडीचे दुसरे दप्तर

1875 साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जखतांवर अधिक होता. ते साहजिकच होते. खेड्यात जमिनीची व साऱ्याची नोंद कुलकर्ण्याच्या दप्तरात, देण्याची नोंद सावकाराच्या वहीत. आणि ज्याच्याविषयी हे सारे लिहिले जाई त्या कुणब्याला अक्षरओळख नाही. अंगठा उठवावयाचा, आणि पुढे त्याच कागदाच्या आधारे शेत गमवावयाचे!

त्यानंतर दहा वर्षांनी, 1885 साली, मुकुंदराव पाटील यांचा जन्म झाला. 1877 मध्ये ‘दीनबंधु’ पत्र काढणारे सत्यशोधक कृष्णराव भालेकर यांचे ते पुत्र. पुढे ते गणपतराव पाटील यांच्या घराण्यात दत्तक गेले. 1910 मध्ये त्यांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केले आणि आपले ठाणे मांडले ते नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यात. पुण्या-मुंबईचे छापखाने त्यांना अपरिचित नव्हते. परंतु ज्यांची दुःखे लिहावयाची त्यांच्यातच राहून ती लिहावीत, हा त्यांचा आग्रह. बहुसंख्य लोक निरक्षर असलेल्या मुलखात वर्गणीदार मिळविणे किती कठीण असेल, याची कल्पना शहरी संपादकास येणार नाही.

‘दीनमित्रा’त शेतकऱ्याची नाडवणूक, अस्पृश्यांवरील जुलूम, भिक्षुकशाहीचा जाच यांना वाचा मिळाली. 1913 मध्ये त्यांनी ‘कुलकर्णीलीलामृत’ रचले, तेही पोथीसारखे ओवीबद्ध. पोथी ऐकण्याची सवय असलेल्या समाजापर्यंत पोहोचण्याचा याहून जवळचा मार्ग कोणता? 1918 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द केली. त्याचे सारे श्रेय एका पुस्तकास देणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र अशा लेखनाने लोकमत घडत होते, हे निःसंशय.

त्यांची लेखणी बोचरी होती. व्यवस्थेवरील टीका कधी कधी सबंध जातीवर घसरे, हे आज वाचताना खटकते. तरीही अर्धशतकाहून अधिक काळ, 1967 मध्ये देहावसान होईपर्यंत, त्यांनी हे व्रत सोडले नाही.

पुढे गेल ऑम्व्हेट यांनी सत्यशोधक चळवळीवरील आपला ग्रंथ 1976 साली प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांना ‘दीनमित्र’चे जुने अंक उपयोगी पडले. कुलकर्ण्याच्या दप्तरात ज्यांच्या नावापुढे केवळ सारा आणि थकबाकी लिहिलेली होती, त्यांची गाऱ्हाणी तेथे छापलेली सापडली.