'ॲलर्जी' हा शब्द कुणी दिला? त्या डॉक्टरची गोष्ट

जेवण मागवताना ॲपमध्ये 'दुधाची ॲलर्जी आहे' असं आपण सहज टाइप करतो. यातला 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरांनी तयार केला. आज त्यांच्याबद्दल सांगतो.

जन्म १८७४, व्हिएन्नाजवळ. आधी धर्मशास्त्र, मग तत्त्वज्ञान आणि शेवटी मेडिकल. व्हिएन्नाच्या बालरुग्णालयात तेव्हा घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तातलं सीरम टोचायचे. मुलं वाचायची, पण काहींना आठ-दहा दिवसांनी ताप यायचा, पुरळ उठायचं, सांधे सुजायचे. तेच सीरम पुन्हा दिलं की त्रास लवकर, कधी त्याच दिवशी. पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी हे दिवस मोजले. सीरम तेच, मग वेळ का बदलते? कारण शरीर बदललेलं असतं. पहिल्यांदा अँटिबॉडी बनवायला दिवस लागतात, नंतर ते झटकन होतं. म्हणजे वाचवणारी यंत्रणाच आजारी पाडते! तेव्हा हे अनेकांच्या पचनी पडलं नाही.

दुधाच्या ॲलर्जीतही हेच होतं. केसीनसारख्या प्रथिनाला शरीर शत्रू समजतं आणि आयजीई नावाच्या अँटिबॉडी तयार ठेवतं. दूध पोटात गेलं की हिस्टामिन सुटतं. गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वासही अडकतो. यामागे एकच जीन नाही. घरात दमा किंवा एक्झिमा असेल तर शक्यता वाढते. लॅक्टोज न पचणं ही वेगळी भानगड. तिथे साखर पचवणारं लॅक्टेज कमी पडतं, पोट बिघडतं, पण जिवावर बेतत नाही. हा फरक लक्षात ठेवाच, कारण लॅक्टोज-फ्री दुधात प्रथिनं तशीच असतात. ॲलर्जी असलेल्याला ते चालत नाही.

१९०७ मध्ये पिर्केंनी क्षयासाठी त्वचेवरची टेस्ट आणली. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातल्या उपाशी मुलांना जेवण पोचवण्याचं काम त्यांनी हाती घेतलं. हिशेबासाठी त्यांनी 'नेम' हे एकक काढलं. एक नेम म्हणजे एक ग्रॅम दुधातली ऊर्जा. ॲलर्जीला नाव देणाऱ्याने सगळं अन्न दुधात मोजावं, याची मला गंमत वाटते.

फेब्रुवारी १९२९ मध्ये पिर्के आणि त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. आयजीईचा शोध लागायला अजून जवळपास चाळीस वर्षं होती.