जॉन बॉइड डनलॉप

जॉन बॉइड डनलॉप (५ फेब्रुवारी १८४० – २३ ऑक्टोबर १९२१) हे स्कॉटिश पशुवैद्य आणि संशोधक होते. हवा भरलेला रबरी टायर प्रत्यक्ष वापरात आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मात्र मूळ कल्पना त्यांच्याआधीच नोंदली गेली असल्याने त्यांचे पेटंट टिकले नाही.

जीवन

डनलॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील एअरशर परगण्यातील ड्रेगहॉर्न येथे शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर १८६७ साली ते आयर्लंडला गेले व पुढे बेलफास्ट शहरात त्यांच्या व्यवसायाचा जम बसला.

टायरचा शोध

त्या काळी सायकलच्या चाकांना भरीव रबराच्या धावा असत व फरसबंदी रस्त्यांवर सायकलस्वारास हादरे बसत. मुलाची तीनचाकी सुखाने चालावी म्हणून १८८७ साली डनलॉप यांनी पातळ रबराची नळी तयार केली, ती लाकडी चकतीभोवती कापडाने बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने तीत हवा भरली. ही चकती व तीनचाकीचे चाक अंगणात घरंगळत सोडले असता चकती बरीच पुढे गेली. १८८८ साली त्यांना पेटंट मिळाले. मे १८८९ मध्ये विल्यम ह्यूम या सायकलपटूने असे टायर वापरून बेलफास्ट येथील शर्यती जिंकल्या. त्याच वर्षी डब्लिनमध्ये हार्वे ड्यू क्रॉस यांच्या पुढाकाराने टायर कंपनी स्थापन झाली.

पेटंटचा वाद

रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ सालीच अशा चाकाचे पेटंट घेतले होते. तेव्हा सायकली प्रचारात नसल्याने ते विस्मरणात गेले. ही बाब उघड होताच १८९० साली डनलॉप यांचे पेटंट निरर्थक ठरले. तारेच्या कडेचा, काढता-घालता येणारा टायर बनवण्याचे इतरांचे हक्क विकत घेऊन कंपनी तगली. डनलॉप १८९५ साली कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ती ३० लाख पौंडांना विकली गेली; या संपत्तीचा मोठा वाटा त्यांच्या हाती आला नाही.

रबर व टायरनिर्मिती

रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची व्हल्कनीकरणाची प्रक्रिया चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली शोधली होती. टायरमुळे रबराची मागणी वाढली. काँगोमध्ये राजा लिओपोल्ड दुसरा याच्या राजवटीत रानातील रबर गोळा करण्यासाठी स्थानिक लोकांवर भीषण अत्याचार झाले. हेन्री विकम यांनी १८७६ साली ब्राझीलमधून लंडनच्या क्यू उद्यानात नेलेल्या बियांच्या रोपांपासून सिलोन व मलायात मळे उभे राहिले. मळ्यात झाडाच्या सालीला तिरपी चीर देऊन चीक गोळा करतात, आम्लाने तो गोठवतात व लाटून त्याचे तक्ते वाळवतात. कारखान्यात या रबरात काजळी व गंधक मळून ते कापडावर चढवतात, कडांत तार घालतात आणि साच्यात उष्णता व दाब देऊन टायर पक्का करतात.

भारतात

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलव्यवसाय सुरू केला. डनलॉप कंपनीचा पश्चिम बंगालमधील साहागंज येथील कारखाना १९३६ साली सुरू झाला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात रबराची लागवड होते. महाराष्ट्रात ऊस वाहणारी रबरी चाकांची बैलगाडी ‘टायरगाडी’ म्हणून ओळखली जाते.

मृत्यू

डनलॉप यांचे निधन डब्लिन येथे झाले. टायरनिर्मितीचा इतिहास सांगणारे त्यांचे पुस्तक मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.