कै. नारायण वामन टिळक

ज्यांस ज्ञातीने एके काळी दूर लोटले, त्यांचे चरित्र या स्मरणिकेत कां, असे कित्येक वडीलधारे विचारतील. टिळकांचे बालपण आपल्याच कल्याणात गेले, एवढे कारण आम्हांस पुरेसे वाटले.

त्यांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगावी झाला. वडील अतिशय कडक, मातोश्री जानकीबाई मायाळू. मातोश्री निवर्तल्यावर हा मुलगा घर सोडून नाशिकास गेला. पित्याचा तापटपणा मात्र त्यांच्याही अंगी उतरला होता. त्याची झळ लक्ष्मीबाईंस किती लागली, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या भगिनींस सांगावयास नको.

१८९३ साली राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांस 'नवा करार' दिला. या संस्कृतज्ञ पंडिताने तो उघडला तो काहीशा अनिच्छेनेच. परंतु गिरिप्रवचनातील शत्रूवरही प्रेम करण्याचा उपदेश वाचताच पुस्तक खाली ठेववेना. पुढे अध्ययन चालूच राहिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते योग्य की अयोग्य, या वादात आम्ही शिरत नाही.

लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. परत आल्या त्या सोवळेओवळे सांभाळीतच. आणि एके काळच्या या कोपिष्ट पतीने त्यांवर धर्माची सक्ती केली नाही. राग पुरता गेला असे नव्हे. १९०० साली त्यांनी आपखुषीने बाप्तिस्मा घेतला.

१९१७ साली मिशनचे वेतन सोडून टिळक संन्यस्त वृत्तीने राहू लागले. ९ मे १९१९ रोजी ते वारले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.