पर्ल बक: नोबेलविजेती लेखिका आणि तिच्या मुलीचा न कळलेला आजार

‘द गुड अर्थ’ कादंबरीच्या लेखिका, देव आनंद यांच्या इंग्रजी ‘गाइड’च्या पटकथाकार, १९३८ च्या नोबेल पुरस्काराच्या मानकरी. पर्ल बक यांची ही ओळख अनेकांना असते. त्यांच्या मुलीबद्दल फारसं बोललं जात नाही.

पर्ल यांचा जन्म १८९२ चा, अमेरिकेतला. बालपण चीनमध्ये गेलं. १९२० मध्ये तिथेच कॅरल जन्मली. बाळ छान, गुटगुटीत होतं. मग अंगावर इसब आला. शरीर वाढत होतं, पण बोलणं येईना. पर्ल तिला अमेरिकेत डॉक्टरांकडे घेऊन फिरल्या. मिनेसोटातल्या रॉचेस्टरला एका डॉक्टरांनी, मोठ्या साहेबांच्या माघारी, खरं सांगून टाकलं की ही मुलगी कधीच सर्वसामान्य होणार नाही. कारण मात्र कोणालाच सांगता आलं नाही. १९२९ मध्ये पर्ल यांनी तिला न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या संस्थेत ठेवलं. तिचा आयुष्यभराचा खर्च भागवायचा होता. एवढं झपाट्यानं लिहिण्यामागे हेही एक कारण होतं.

१९३४ मध्ये नॉर्वेच्या फोलिंग या डॉक्टरांना दोन मतिमंद भावंडांच्या लघवीत एक वेगळं रसायन सापडलं. तोच हा आजार, फिनाइलकीटोन्युरिया. प्रथिनांमधलं फिनाइलॲलनिन पचवणारं यकृतातलं एन्झाइम नीट काम करत नाही. पोटात असताना आईचं शरीर ते निस्तरतं, म्हणून बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. पुढे दुधातूनच फिनाइलॲलनिन साठत जातं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. चंचलपणा, चिडचिड, झटके दिसू लागेपर्यंत बरंचसं नुकसान झालेलं असतं. दोष आई-वडील दोघांकडून आलेला असतो; आईनं काही चुकीचं खाल्लं म्हणून हे होत नाही.

१९५० च्या दशकात विशेष आहार आला, पुढच्या दशकात टाचेच्या रक्ताची चाचणी. तोवर कॅरल चाळिशीला पोचली होती. मुलीबद्दल पर्ल यांनी १९५० मध्येच पुस्तक लिहिलं होतं, तेही अशी मुलं लपवून ठेवण्याच्या काळात. मला हे त्यांचं सर्वांत धाडसी लेखन वाटतं.

चेंबूरमध्ये माझ्याकडे येणारे आई-वडील विचारतात, बाळ इतकं छान आहे तर टाच का टोचायची? कॅरलही छानच दिसत होती. आपल्याकडे फिनाइलकीटोन्युरियापेक्षा जन्मजात थायरॉइडची कमतरता जास्त आढळते. तीही याच चाचणीत कळते आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मेंदू वाचतो. चाचणी साधारण ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान करतात. अहवाल घरी गेल्यावर येतो, तो मागून घ्या.

पर्ल १९७३ मध्ये गेल्या. कॅरल १९९२ पर्यंत व्हाइनलँडमध्येच होती.